जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकायचं? आधी काम बघा, मग नाव निवडा

तुमच्या घरात किंवा दुकानात २०१७ किंवा त्याआधी घेतलेला लॅपटॉप आहे का? त्यावर विंडोज १० असेल, तर मायक्रोसॉफ्टने तिचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे. लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला नाही, आजही सुरू होतो. पण सुरक्षेतली एखादी नवी फट सापडली, तर ती बुजवणारं अपडेट आता आपोआप येत नाही. ज्यांनी वेगळी नोंदणी केली, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत आहे. त्यानंतर तीही नाही.

मग विंडोज ११ टाकायचं का? तिथे अडचण वेगळी आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप, अगदी ठणठणीत असले तरी, मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाहीत.

गोंदिया जिल्ह्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न चैनीचा नाही. आमगावात काय किंवा अर्जुनी मोरगावात काय, घरातल्या एकाच लॅपटॉपवर मुलांचा अभ्यास, महाडीबीटीचा अर्ज, सातबारा काढणं आणि नेट बँकिंग हे सगळं चालतं. धानाच्या हंगामाच्या हिशेबात नवा लॅपटॉप सहज बसत नाही. मग अनेक जण कोणाकडून तरी ‘क्रॅक’ विंडोज मारून घेतात. अशा क्रॅकसोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आला, तर तो त्याच लॅपटॉपवर बसतो ज्यावर आपण बँकेचं खातं उघडतो.

यापेक्षा चांगला आणि कायदेशीर मार्ग आहे: ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मुख्यतः लिनक्स. पण इंटरनेटवर ‘सर्वांत चांगलं लिनक्स कोणतं’ असं शोधलं की पन्नास नावं आणि शंभर भांडणं समोर येतात. या लेखात ते भांडण बाजूला ठेवून घरच्या कामासाठी निवड कशी करायची, ते पाहू.

ओपन सोर्स म्हणजे फुकट एवढंच का?

नाही. ओपन सोर्स म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला आहे. तो कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि पुढे वाटू शकतो. पैसे लागत नाहीत हा त्यातून मिळणारा फायदा आहे. तुम्ही पेन ड्राइव्हवर घेतलेलं लिनक्स शेजाऱ्याच्या, शाळेच्या आणि मावशीच्या लॅपटॉपवरही टाकलंत तरी ती चोरी होत नाही.

लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. त्याने लिहिला तो सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही याच गाभ्यावर चालतो. त्यामुळे ‘लिनक्स आपल्याला जमेल का’ असं विचारणारा माणूस बहुधा तो प्रश्न लिनक्सवरच टाइप करत असतो.

मग इतकी नावं का?

गाभा एकच, पण त्याभोवती पडदा, मेन्यू, फाइल उघडायचा प्रोग्राम, ब्राउझर, अपडेटची पद्धत हे सगळं जोडावं लागतं. वेगवेगळे गट ते आपापल्या पद्धतीने जोडतात. अशा तयार संचाला डिस्ट्रो म्हणतात. तांदूळ एकच असला तरी कोणी भात करतो, कोणी खिचडी, कोणी पोहे, तसंच काहीसं.

यातली बरीच नावं एकमेकांची नातेवाईक आहेत. डेबियन हा १९९३ पासूनचा जुना प्रकल्प. त्याच्या आधारावर २००४ मध्ये उबुंटू आलं. उबुंटूच्या आधारावर २००६ मध्ये लिनक्स मिंट सुरू झालं. म्हणून यातलं एक शिकलात की दुसरं अगदीच परकं वाटत नाही.

पहिला प्रश्न: तुमचं काम कोणतं?

डिस्ट्रोचं नाव शोधण्याआधी कागदावर आपल्या कामांची यादी करा. प्रत्येक कामासमोर लिहा, ते ब्राउझरमध्ये होतं की एखादं खास सॉफ्टवेअर लागतं.

ब्राउझरमध्ये होणारी कामं लिनक्सवर अडत नाहीत. आपले सरकार, महाडीबीटी, महाभूलेख, जीमेल, यूट्यूब, व्हॉट्सअॅप वेब, नेट बँकिंग हे फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये जसं विंडोजवर चालतं तसंच इथे चालतं. पत्र लिहिणं, हिशेबाचा तक्ता, शाळेचं सादरीकरण यासाठी लिब्रेऑफिस बहुतेक डिस्ट्रोंमध्ये आधीच असतं आणि ते वर्ड, एक्सेलच्या फाइल उघडतं. गुंतागुंतीची मांडणी असलेली फाइल मात्र थोडी इकडेतिकडे सरकू शकते. गाणी, सिनेमे, पीडीएफ, झूमची मीटिंग, यातही अडचण नाही.

पण काही कामांना लिनक्स टाकून चालणार नाही:

• राइस मिलच्या किंवा ठोक दुकानाच्या ऑफिसात टॅली असेल, तर ते विंडोजसाठी बनवलेलं आहे.

• फ्लेक्स, लग्नपत्रिका, डीटीपीचं काम फोटोशॉप आणि कोरलड्रॉवर होत असेल, तर तिथेही विंडोजच ठेवा. गिंप आणि इंकस्केप ही खुली सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण ग्राहक कोरलची फाइल घेऊन आला तर अडचण होते.

• सेवा केंद्रात अंगठा घेणारं मशीन किंवा डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल, तर ते मशीन देणाऱ्याला आधी विचारा की लिनक्ससाठी ड्रायव्हर आहे का. ‘चालून जाईल’ या भरवशावर विंडोज पुसू नका.

• काही ऑनलाइन परीक्षा फक्त स्वतःच्या बंदिस्त ब्राउझरमध्ये देता येतात आणि त्यातले काही लिनक्सवर चालत नाहीत. परीक्षेच्या सूचना आधी वाचा.

प्रिंटरचंही तेच. एचपीचे बरेच प्रिंटर लिनक्स लगेच ओळखतं. झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणाऱ्या कॅननच्या एलबीपी २९००बी साठी मात्र वेगळा ड्रायव्हर लागतो आणि नवख्या माणसाला तो बसवणं किचकट जातं. ज्या दुकानाची रोजची कमाई त्या प्रिंटरवर आहे, त्याने हा प्रयोग दुकानाच्या मशीनवर करू नये.

दुसरा प्रश्न: मशीन किती जुनं आहे?

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट असं गेलात की रॅम किती आणि सिस्टिम ३२-बिट की ६४-बिट हे कळतं. प्रोसेसरपुढे ६४ लिहिलेलं असेल तर काळजी नाही. उबुंटू आणि लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती आता ६४-बिटसाठीच येते. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून ३२-बिट मशीनसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. तेव्हा खरोखरच ३२-बिट प्रोसेसर असलेल्या पेंटियमच्या काळातल्या मशीनवर बँकेची कामं करण्याचा हट्ट सोडलेला बरा.

रॅमचा साधा हिशेब असा. ८ जीबी असेल तर कोणतंही डिस्ट्रो चालेल. ४ जीबी असेल तर हलका डेस्कटॉप घ्या. २ जीबीवर सिस्टिम सुरू होईल, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की ती दमेल. इथे दोष लिनक्सचा नाही, आजच्या वेबसाइटच जड झाल्या आहेत.

मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती बदलून एसएसडी बसवण्याचा विचार जरूर करा. लॅपटॉप हळू चालण्याचं मोठं कारण बहुतेकदा तेच असतं.

तिसरा प्रश्न: अडलं तर विचारणार कोणाला?

इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये हा प्रश्न सहसा नसतो, पण गोंदियासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सालेकसा किंवा देवरीच्या एखाद्या गावात आवाज येईना झाला, तर तालुक्याच्या ठिकाणचा दुरुस्तीवाला विंडोज मारून देईल, पण लिनक्स त्याला येत असेलच असं नाही.

म्हणून असं डिस्ट्रो निवडा ज्याचं उत्तर सर्च केल्यावर लगेच सापडतं आणि जे जवळपास कोणीतरी वापरतं. तंत्रनिकेतनात किंवा इंजिनिअरिंगला संगणक शाखेत शिकणारा कोणी ओळखीत असेल तर त्याला विचारा. ऑपरेटिंग सिस्टिम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय असतो आणि लिनक्सच्या कमांड त्यांनी प्रयोगशाळेत दिलेल्या असतात. तो उबुंटू वापरत असेल, तर तुमच्यासाठीही उबुंटूच चांगलं. मदत करणारा माणूस हाताशी असणं हे कुठल्याही फीचरपेक्षा मोठं आहे.

केरळच्या शाळांमध्ये लिनक्स का टिकलं, याचं एक मोठं कारणही हेच. तिथे शाळांसाठी काम करणारी काइट ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती बनवते आणि शिक्षकांना तिचं प्रशिक्षण देते. शिकवणारा माणूस शाळेतच असल्यामुळे मुलांना ती सिस्टिम अवघड वाटत नाही.

मग नेमकं कोणतं घ्यायचं?

लिनक्स मिंट: विंडोजवरून पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी आमची पहिली पसंती. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनाही हरवल्यासारखं होत नाही. ८ जीबी रॅमवर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबीवर एक्सएफसीई. मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

उबुंटू: सर्वांत जास्त ओळखलं जाणारं नाव, त्यामुळे कोणत्याही अडचणीचं उत्तर सापडतं. पडद्याची मांडणी मात्र विंडोजसारखी नाही, डावीकडे उभी पट्टी असते. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी ‘एलटीएस’ आवृत्तीच घ्या. तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी उत्तम.

झोरिन: दिसायला देखणं आणि विंडोजसारखं. पैसे देऊन घ्यायची ‘प्रो’ आवृत्ती आहे, पण घरच्या कामाला फुकटची ‘कोअर’ पुरते.

डेबियन: फार स्थिर, फार विश्वासू. पण सुरुवातीची जुळवाजुळव मिंटइतकी सोपी नाही. एखादं वर्ष लिनक्स वापरल्यावर इकडे वळा.

फेडोरा: नवनवीन गोष्टी इथे लवकर येतात. पण साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला जवळपास १३ महिनेच सपोर्ट मिळतो. मोबाइल हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घराला हे मोठे डाउनलोड परवडत नाहीत.

बॉस: भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये आणलेलं, डेबियनवर आधारलेलं, भारतीय भाषांसाठी तयार केलेलं. कल्पना चांगली आहे, पण घरी वापरणारे कमी, म्हणून अडचणीला उत्तर शोधणं जास्त कष्टाचं.

‘हॅकरवालं’ म्हणून व्हिडिओत दिसणारं काली लिनक्स रोजच्या वापरासाठी नाही. ते नेटवर्कची सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे. घरचा लॅपटॉप त्यासाठी वापरू नका.

मराठीचं काय?

मराठी वाचायला काहीच करावं लागत नाही. युनिकोडमधला मजकूर, म्हणजे वेबसाइट, व्हॉट्सअॅप, आजच्या बहुतेक सरकारी फाइल, जसाच्या तसा दिसतो. रेड हॅट कंपनीने खुल्या परवान्याखाली दिलेला लोहित आणि गूगलचा नोटो हे देवनागरी फाँट लिनक्सवर सहज मिळतात. मुंबईच्या एक टाइपचा बालू हा फाँटही खुला आहे.

लिहिण्यासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडायचं. इनस्क्रिप्ट येत असेल तर तो लेआउट तयारच असतो. फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय असेल, तर आयबस नावाच्या सुविधेत उच्चारानुसार लिहिण्याची पद्धत जोडता येते.

खरी अडचण जुन्या फाइलची आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फाँट नसेल तर सगळं अगम्य दिसतं. फाँटची फाइल लिनक्सवर टाकून तो मजकूर वाचता येतो. पण रोजचं टायपिंगच कृतिदेवमध्ये असेल, तर घाई करू नका. आधी युनिकोडची सवय करा, मग सिस्टिम बदला.

या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट. पूर्वेकडच्या तालुक्यांत गोंडी बोलली जाते. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. नोटो संचात तिचा फाँट आहे आणि तो उबुंटू, मिंट, डेबियनवर विनामूल्य बसवता येतो. ज्यांना ही लिपी मुलांना शिकवायची आहे, त्यांच्यासाठी एक पैही खर्च नाही.

काही न पुसता आधी चालवून बघा

लिनक्सची सर्वांत मोठी सोय ही की ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. विंडोजला हातही लागत नाही.

१. डिस्ट्रोच्या अधिकृत वेबसाइटवरूनच फाइल उतरवा. मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते. गावात नेट मंद असेल तर तालुक्याला ओळखीच्या ठिकाणी वायफायवर उतरवा. टेलिग्रामवर कोणी पाठवलेली फाइल नको.

२. ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, म्हणून फोटो आधी काढून ठेवा. विंडोजवर रुफस या मोफत प्रोग्रामने ती फाइल पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही.

३. लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह लावा आणि सुरू करताना बूट मेन्यूचं बटण दाबा. डेल आणि लेनोवोत ते बहुधा एफ-१२ असतं, एचपीत एफ-९.

४. ‘ट्राय’ किंवा ‘लाइव्ह’ पर्याय निवडा. आता तपासा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, प्रिंटर ओळखला का, मराठी टाइप होतं का. पेन ड्राइव्हवरून सगळं थोडं हळू चालतं, बसवल्यावर वेग वाढतो.

वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. काही जुन्या वायफाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करा. नेट मिळालं की मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून तो ड्रायव्हर घेता येतो.

बसवण्याआधी ही काळजी घ्याच

फोटो, कागदपत्रं, पासवर्ड, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा. ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडल्यावर मागे वळता येत नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

जागा असेल तर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवता येतात. सुरू करताना कोणतं हवं ते निवडायचं. टॅली किंवा डिजिटल सहीचं काम असेल तर हाच पर्याय शहाणपणाचा. पण सपोर्ट संपलेल्या विंडोजवर त्या कामापुरतंच जा, बँक आणि ईमेल लिनक्सवर ठेवा.

आणि लाइटचं बघा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक मेलेली असते. पावसाळ्यात वादळी संध्याकाळी इन्स्टॉल करायला बसलात आणि मध्येच लाइट गेली, तर अर्धवट बसलेली सिस्टिम सुरूच होणार नाही. यूपीएस असेल तर लावा, नसेल तर लाइट टिकते ती वेळ निवडा.

थोडक्यात

• सगळी कामं ब्राउझरमधली आणि ६४-बिट मशीन: लिनक्स मिंट. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई.

• ओळखीतला विद्यार्थी किंवा दुरुस्तीवाला एखादं डिस्ट्रो वापरत असेल: त्याचंच घ्या.

• टॅली, कोरल, अंगठ्याचं मशीन, कृतिदेव यातलं काही रोज लागत असेल: विंडोज ठेवा, जमल्यास लिनक्स शेजारी.

• विंडोज ११ ला पात्र असलेला नवा लॅपटॉप असेल आणि काम अडत नसेल: बदलायची गरज नाही.

शेवटी, पेन ड्राइव्हवरचा पहिला तास बघून निर्णय घेऊ नका. निदान आठवडाभर रोजची कामं त्यावर करा आणि जिथे अडलं ते कागदावर लिहा. आठवड्यानंतर त्या कागदावर दोन-तीनच ओळी असतील आणि त्यांची उत्तरं सापडत असतील, तर तुमचा जुना लॅपटॉप आणखी काही वर्षं बिनधास्त चालेल.